ट्रायलचा वाफा आणि ट्रायलमधला माणूस

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



कापसाचा भाव, पीकविमा आणि ज्वारीची खरेदी यांवर सकाळपासून बोलणे झाले. आता मांडायचा विषय शेतीबाहेरचा वाटेल, पण तो आपल्या घरात शिरलेला आहे. विषय आहे दवाखान्यातल्या ट्रायलचा.

गावोगावच्या कार्यकर्त्यांकडून एक प्रश्न वारंवार येतो. घरात कोणाला तोंडाचा कॅन्सर निघतो. उसनवारी करून माणसाला मोठ्या शहरातल्या दवाखान्यात नेतात. तिथे डॉक्टर सांगतात, "एक ट्रायल चालू आहे. तुमचा पेशंट तिच्यात बसतो. घ्यायचे का?" दहा-पंधरा पानांचा कागद पुढे येतो. मागे रांग उभी असते. सही करायची की उठून यायचे?

गावात याची दोन उत्तरे तयार असतात. एक म्हणतो, "सही करू नका. गरिबावर प्रयोग करतात, उंदीर समजतात." दुसरा म्हणतो, "औषध फुकट मिळते आहे, डॉक्टर देवमाणूस आहे, करा सही." दोन्ही उत्तरे दिसायला उलट आहेत, पण एक गोष्ट दोघांची सारखी आहे. कागद दोघांनीही वाचलेला नाही.

आमचे म्हणणे असे की, ट्रायल हा उपकारही नाही आणि मुळातच फसवणूकही नाही. तो एक व्यवहार आहे. व्यवहाराला दोन बाजू असतात, दोघांच्या अटी असतात आणि अटी पाहूनच हो किंवा नाही म्हणायचे असते. भाव न विचारता गाडी काट्यावर चढवणारा शेतकरी आणि कागद न समजता अंगठा देणारा पेशंट, दोघांचे नुकसान एकाच कारणाने होते.

ही रीत मुळात शेतातली

आम्ही शिकलो शेतकी. कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर वाण कसे तपासतात ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले आहे. नवे वाण एका वाफ्यात, जुने शेजारच्या वाफ्यात. पण तेवढ्याने भागत नाही. एका वाफ्यात ओल जास्त असते, एक बांधाकडेला येतो, एक मुरमाड निघतो. म्हणून कोणत्या वाफ्यात कोणते वाण, हे माणसाने मनाने ठरवायचे नाही, चिठ्ठी टाकून ठरवायचे. आणि तेच चार-पाच वेळा, वेगवेगळ्या जागी लावून पाहायचे. बियाण्याच्या दुकानदाराचा डेमो प्लॉट सडकेच्या कडेला काळ्या कसदार जमिनीत असतो आणि शेजारी तुलनेला काहीच नसते. ती जाहिरात झाली, चाचणी नव्हे.

चिठ्ठीची ही रीत इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड या शेती संशोधन केंद्रावर आर. ए. फिशर या संख्याशास्त्रज्ञाने पक्की केली. ते १९१९ साली तिथे रुजू झाले. शेतातली ही रीत पुढे दवाखान्यात गेली. १९४८ साली ब्रिटनमध्ये क्षयरोगावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची ट्रायल प्रसिद्ध झाली. तेव्हा औषधाचा साठा तुटपुंजा होता. १०७ रुग्णांपैकी ५५ जणांना औषध आणि विश्रांती मिळाली, ५२ जणांना नुसती विश्रांती. कोण कोणत्या गटात, हे बंद पाकिटातल्या चिठ्ठीने ठरले. सहा महिन्यांत औषध मिळालेल्यांत ४ मृत्यू झाले, दुसऱ्या गटात १४. औषधात गुण आहे हे पटवायला कोणाला भाषण करावे लागले नाही.

तेव्हा डॉक्टर जेव्हा सांगतात की, नवे औषध मिळणार की जुने हे संगणक ठरवेल, तेव्हा ती बेफिकिरी समजू नका. नवे चांगले की जुने, हे अजून कोणालाच माहीत नाही, म्हणून तर चाचणी आहे. माहीत असते तर चिठ्ठी टाकणे हाच अन्याय ठरला असता.

नवे ते चांगलेच, असे नाही

आता आपल्या शिवारातले उदाहरण घेऊ. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. अशा विषबाधेत ऑर्गनोफॉस्फरस गटाचे कीटकनाशक असेल तर अ‍ॅट्रोपिन देतात आणि 'पाम' नावाचे इंजेक्शनही वापरले जाते. पाम किती आणि कसे द्यावे, यावर बारामतीच्या एका रुग्णालयात २०० रुग्णांची ट्रायल झाली. ती २००६ साली प्रसिद्ध झाली. सर्वांना सुरुवातीला सारखा डोस दिला. पुढे एका गटाला ४८ तास सलाइनमधून सलग पाम, दुसऱ्याला दर चार तासांनी थोडे थोडे. सलग पाम मिळालेल्यांत शंभरात १ दगावला, दुसऱ्या गटात शंभरात ८.

हे वाचून कोणीही म्हणेल, झाले, प्रश्न सुटला. पण २००९ साली श्रीलंकेतल्या ट्रायलचा निकाल आला. तिथे एका गटाला पाम आणि दुसऱ्याला नुसते सलाइन दिले होते. पाम मिळालेल्या १२१ जणांपैकी ३० दगावले, सलाइन मिळालेल्या ११४ पैकी १८. हा फरक योगायोगानेही पडू शकतो, पण पामचा फायदा मात्र दिसला नाही. म्हणजे बारामतीचे काम खोटे असे नव्हे. दोन्हीकडे प्रश्न वेगळा होता आणि रुग्णही वेगळे होते. अर्थ एवढाच की, एका हंगामाच्या उताऱ्यावरून वाण ठरत नाही. दवाखान्यातही तेच आहे. पाम द्यायचे की नाही ते डॉक्टर ठरवतील. विषबाधेत आपण करायचे ते एवढेच, की गावात वेळ न घालवता दवाखाना गाठायचा आणि औषधाचा डबा सोबत न्यायचा.

यातून आणखी एक गोष्ट दिसते. विषबाधेचा रुग्ण कित्येकदा शुद्धीवर नसतो. तिथे सही नातेवाइकाची असते. म्हणून ट्रायल समजून घेणे हे आजाऱ्याचे एकट्याचे काम नाही. ते घराचे काम आहे.

तुलनेच्या वाफ्यातली बाई

ज्वारीच्या पट्ट्यात, आज ज्याला धाराशिव म्हणतात त्या तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, १९९९ साली एक मोठी ट्रायल सुरू झाली. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर आधी ओळखून मृत्यू टाळता येतात का, हा प्रश्न होता. मुंबईचे टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ती केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका तिच्यात होत्या. गावांचे ५२ गट केले आणि चार भागांत वाटले. तीन भागांत तीन वेगवेगळ्या तपासण्या झाल्या. चौथ्या भागात नेहमीचीच व्यवस्था राहिली. तिथे आजाराची माहिती दिली, उपचार कुठे मिळतो ते सांगितले, पण ट्रायलमधून तपासणी केली नाही.

निकाल २००९ साली आला. एचपीव्ही विषाणूची तपासणी फक्त एकदा करायचे ठरलेल्या गटातल्या सुमारे ३४ हजार बायकांत या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या सुमारे ३१ हजार बायकांत ६४. हे ज्ञान आता जगभर वापरले जाते.

पण त्या चौथ्या भागातल्या बाईचे काय? यावर विद्वानांत वाद झाला. एक बाजू म्हणाली, श्रीमंत देशांत तपासणीचा उपयोग आधीच माहीत होता, मग या बायकांना तिच्याविना का ठेवले? दुसरी बाजू म्हणाली, त्या भागात तपासणीची सोय मुळात नव्हतीच, ट्रायलने कोणाचे काही काढून घेतले नाही. आमचे म्हणणे असे की, हा वाद परदेशी नियतकालिकांत झाला तसा गावच्या पारावरही व्हायला हवा. तुलनेच्या गटाला काय मिळणार, हा प्रश्न प्रत्येक ट्रायलमध्ये विचारा. आणि ज्यांच्या गावांनी जगाला हे ज्ञान दिले, त्यांच्या लेकीसुनांना ही तपासणी गावाजवळ मिळते का, हे सरकारला विचारणे आपले काम आहे.

विकणारा विचारणार नाही असा प्रश्न

खताची मात्रा निम्मी करून तेवढाच उतारा येतो का, हे खत विकणारा कधी तपासतो का? तो का तपासील? औषधाचेही तसेच आहे. निव्होलुमॅब हे कॅन्सरवरचे अतिशय महाग औषध. रूढ मात्रा एका वेळी २४० मिलिग्रॅम. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ते दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम देऊन पाहिले. सोबत स्वस्त गोळ्यांचा उपचार होताच. तोंड आणि घशाचा कॅन्सर हाताबाहेर गेलेले १५१ रुग्ण होते. नुसत्या गोळ्यांवर वर्षभर जगलेले शंभरात सुमारे १६, तर थोड्या मात्रेचे औषध जोडल्यावर सुमारे ४३. निकाल २०२२ साली प्रसिद्ध झाला. हा आजार बरा झाला असे नव्हे. पण ज्या घराला पूर्ण मात्रा शेत विकूनही परवडणार नाही, त्याच्यासाठी हा निकाल मोलाचा आहे.

खर्रा आणि तंबाखूने आपल्याकडे तोंडाचे कॅन्सर किती वाढवले ते तुम्ही पाहता. गरिबाला परवडेल असा उपचार शोधायचा तर त्या ट्रायलमध्ये गरीब रुग्ण लागणारच. म्हणून 'ट्रायल नकोच' हे आमचे उत्तर नाही. आमचा प्रश्न आहे, कोणत्या अटींवर?

वाफा बोलत नाही, माणूस बोलतो

शेतातली चाचणी आणि दवाखान्यातली चाचणी यांत एक मोठा फरक आहे. वाफ्याला कोणी विचारत नाही. माणसाला विचारावेच लागते. हे कायद्यात आपसूक आले नाही. २००९-१० मध्ये आंध्रातल्या खम्मम जिल्ह्यात मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा एक प्रकल्प झाला. तिथे आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनने संमतीपत्रांवर सह्या केल्याचे उघड झाले. संसदीय समितीने २०१३ च्या अहवालात त्यावर ताशेरे ओढले. औषधांच्या ट्रायलबद्दल इंदूरच्या कार्यकर्त्यांनी २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, आणि २०१३ पासून नियम कडक होत गेले. आज नव्या औषधांच्या ट्रायलना लागू आहेत ते २०१९ चे केंद्रीय नियम. त्यातले आपल्या कामाचे तेवढे सांगतो.

माहितीचा कागद तुम्हाला समजेल अशा भाषेत हवा. मराठी माणसाला मराठीत. वाचता येत नसेल तर सगळे समजावताना तटस्थ साक्षीदार हजर हवा आणि त्याची सही हवी. माहितीच्या कागदाची आणि भरलेल्या संमतीपत्राची प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे. ती सातबाऱ्यासारखी जपून ठेवा.

मधेच बाहेर पडायचा हक्क तुम्हाला आहे. कारण सांगायची सक्ती नाही आणि त्यामुळे नेहमीचा उपचार बंद करता येत नाही.

ट्रायलमध्ये इजा झाली तर तिचा उपचार फुकट. गंभीर काही घडले तर डॉक्टरने २४ तासांत केंद्रीय औषध नियंत्रकाला आणि रुग्णालयाच्या नीतिसमितीला कळवायचे असते. ट्रायलमुळेच मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले असे ठरले तर भरपाई मिळते. मृत्यूच्या भरपाईचे सूत्र ८ लाख रुपये पाया धरून वय आणि आजाराची जोखीम यांवर मांडले आहे. म्हणूनच संमतीपत्रात वारसाच्या नावाची जागा असते. ती कोरी ठेवू नका. मात्र नुसता गुण आला नाही म्हणून भरपाई मिळत नाही, हेही ध्यानात असू द्या.

नीतिसमितीत किमान सात सदस्य असतात. निम्मे तरी त्या रुग्णालयाबाहेरचे हवेत. एक बाई हवी, एक कायद्याचा जाणकार आणि एक सामान्य माणूसही हवा. समितीचा फोन नंबर संमतीच्या कागदांत पाहून ठेवा. तक्रार तिथे करता येते.

ट्रायल शोधायची कशी

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे उपचार करणाऱ्या डॉक्टरलाच विचारणे, आणि तेही पहिल्या भेटीत. कित्येक ट्रायलना असा रुग्ण लागतो ज्याचा उपचार अजून सुरू झालेला नाही. एकदा पेरणी झाल्यावर त्या वाफ्यात दुसरे वाण घालता येत नाही, तसेच हे.

दुसरा मार्ग सरकारी नोंदवहीचा. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडिया, थोडक्यात सीटीआरआय, ही नोंदवही २००७ साली सुरू झाली. औषधांच्या ट्रायलची नोंद तिच्यात १५ जून २००९ पासून सक्तीची आहे. ती इंटरनेटवर कोणालाही फुकट पाहता येते. आजाराचे नाव टाकले की ट्रायल कोणती, कोणत्या शहरात, कोणत्या दवाखान्यात, रुग्ण घेणे चालू आहे की बंद, कोण बसते आणि कोण बसत नाही, आणि चौकशीला फोन कोणाला करायचा, हे दिसते. भाषा इंग्रजी आहे. पण गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या पोराला मोबाइलवर हे काम जड नाही. निघालेले कागद घेऊन आपल्या डॉक्टरकडे जा.

दोन गोष्टी पक्क्या करा. नोंद असणे म्हणजे सरकारची हमी नव्हे. तो फक्त सातबाऱ्यावरचा उतारा आहे, जमीन कसदार आहे असे तो सांगत नाही. आणि ज्या ट्रायलचा नोंदणी क्रमांकच कोणी सांगू शकत नाही, तिथे सही करू नका. ट्रायलचे औषध आणि ट्रायलपुरत्या वाढलेल्या तपासण्या यांचा भार रुग्णावर पडता कामा नये. 'नवे संशोधन आहे, दोन लाख भरा' असे कोणी म्हणाले तर तो दलाल समजा.

सहीआधीचे सात प्रश्न

हे लिहून खिशात ठेवा.

एक. ट्रायलमध्ये न जाता आज माझ्या आजारावर कोणता उपचार आहे? तो जन आरोग्य योजनेत बसतो का?

दोन. दुसऱ्या गटाला काय मिळणार? नेहमीचे औषध, की नुसती दिखाऊ गोळी?

तीन. हे औषध याआधी किती माणसांना दिले आहे? पहिला टप्पा आहे की तिसरा? पहिल्या टप्प्यात मुख्यतः किती मात्रा झेपते ते पाहतात. गुण येईल ही आशा तिथे थोडी ठेवावी.

चार. काय त्रास होऊ शकतो, आणि रात्री-अपरात्री झाला तर कोणाला फोन करायचा?

पाच. किती खेपा? प्रवास, मुक्काम आणि बुडालेली मजुरी यांचे काय? मृगाची पेरणी आणि कापसाची वेचणी या दिवसांत खेपा येतात का?

सहा. खर्च कोण करतो? कंपनी, सरकार की रुग्णालय?

सात. ट्रायल संपल्यावर औषध लागू पडले असेल तर पुढे मिळेल का? नियमात तशी तरतूद आहे, पण ती आपोआप लागू होत नाही. डॉक्टरची शिफारस आणि नीतिसमितीची मान्यता लागते.

उत्तरे ऐकून घरी या. एक रात्र विचार करा. "आत्ताच्या आत्ता सही करा" असे तातडीच्या आजाराशिवाय कोणी म्हणत असेल तर तेच नाही म्हणायला पुरेसे कारण आहे.

आपली बाजू

व्यवहारात आपणही शब्द पाळायचा असतो. हो म्हटले तर तारखा चुकवू नका. गोळी राहिली तर राहिली म्हणून सांगा. वैदूचा पाला, काढा, दुसऱ्या डॉक्टरची गोळी, काहीही घेत असाल तर लपवू नका. विद्यापीठाच्या तुलनेच्या वाफ्यात रात्री कोणी गुपचूप युरिया टाकला तर सगळ्या चाचणीची माती होते. दवाखान्यात त्याने तुमचा जीवही धोक्यात येतो आणि पुढच्या हजारांना चुकीचे उत्तर मिळते. जमत नसेल तर सांगून बाहेर पडा. त्यात कमीपणा नाही.

आणि 'तुम्ही बसत नाही' असे उत्तर आले तर तो अपमान मानू नका. वय, किडनी, साखर, आधीचा उपचार, अशा अटी बहुधा रुग्णाच्या सुरक्षेसाठीच असतात.

या बैठकीपुढे एवढाच प्रस्ताव आहे. प्रत्येक तालुक्यातून दोन कार्यकर्ते द्या, एक बाई आणि एक पुरुष. त्यांनी सीटीआरआयची नोंदवही पाहायला शिकायचे, हे सात प्रश्न पाठ करायचे आणि कोणाच्या घरी असा कागद आला तर सहीआधी सोबत जायचे. डॉक्टरशी भांडायला नव्हे, आणि रुग्णाच्या वतीने हो किंवा नाही म्हणायलाही नव्हे. निर्णय त्या घराचा. आपण फक्त पाहायचे की, तो कागद समजून घेतलेला आहे.

ज्यांना हे काम घ्यायचे आहे त्यांनी जेवणाआधी तालुकावार नावे लिहून द्यावीत.